गल्ल्यात सापडलेलं चमकतं नाणं: भाव विचारायच्या आधी उजेड फिरवून बघा

पारोळ्याच्या एका किराणा दुकानदार भाऊंनी तीन नाण्यांचे फोटो पाठवलेत आणि विचारलंय की ही गल्ल्यात आलेली नाणी एवढी चमकतात म्हणजे ती प्रूफ आहेत का, ग्रेड (नाणं किती झिजलंय त्याचं माप) काय धरायचा, आणि फोटो काढला की स्टीलचं नाणं मधे काळंच का येतं. पहिलं नाणं १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा १ रुपया, दुसरं त्याच सालचं शिवाजी महाराजांचं ११ कोनी २ रुपये, तिसरं २०१३ चं पिवळं ५ रुपये. दुकानावर आलेल्या एका आजीने ते पिवळं नाणं हातात घेऊन विचारलं म्हणे, "भाऊ, हाई सोनानं शे का?"

भाऊ, मी २८ वर्षं बँकेत कॅशवर बसलोय, चोपडा, भुसावळ, शेवटी जळगाव, आणि त्यातली निदान २५ वर्षं नाणी गोळा करतोय. कोऱ्या नाण्यांची पिशवी फोडली की नाणी कशी दिसतात ते हजारदा पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं सांगतो ते प्रूफचं. तुमचं एकही नाणं प्रूफ नाही. प्रूफ नाणं वेगळ्याच पद्धतीने बनवतात, कोरी चकती पॉलिश केलेली, डाय, म्हणजे चित्र उमटवणारा साचा, पॉलिश केलेला, आणि ठोका एकापेक्षा जास्त वेळा मारलेला. त्यामुळे चित्रामागची मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधट, खरखरीत पांढरं दिसतं. ते डबीत बंद करून सेटमधे विकतात, बँकेच्या पिशवीत येत नाही. कोणाच्या घरातल्या पोराने सेट फोडून खर्च केला तर येऊ शकतं, पण मला एवढ्या वर्षांत कॅशमधे एकदाच दिसलंय. मुंबई टांकसाळीच्या प्रूफवर सालाखाली एम असतो, त्याआधीच्या काळात बी असायचा. तुमच्या पाचच्या नाण्यावर सालाखाली बर्फीच्या आकाराची खूण दिसतेय, म्हणजे मुंबईचंच, पण साधं चलनी. पाच टोकांची चांदणी असली तर हैदराबाद, गोल टिंब असलं तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. जुन्या रुपयांवर एच किंवा एमके अशी अक्षरं दिसली की लोक घाबरतात किंवा एकदम खूष होतात, पण ती चूक नाही. आपल्या टांकसाळींना पुरेशी नाणी पाडता येत नव्हती तेव्हा सरकारने बाहेरून पाडून घेतली होती, १९८५ चा एच हा बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा आणि १९९८ ते २००० च्या सुमाराचा एमके हा स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्सा टांकसाळीचा.

आता चमक. इथेच सगळे फसतात. चमक बघायची नसते, चमक हलते कशी ते बघायचं असतं. तुमच्या दुकानात नवा स्टीलचा डबा असेल ना, त्याचं झाकण ट्यूबलाइटखाली हातात धरून हळू हळू तिरकं करा. मधून बाहेर जाणारा उजेडाचा एक पट्टा झाकणावर गोल फिरतो, पंख्याच्या पात्यासारखा. कोऱ्या नाण्यावर अगदी तसाच पट्टा फिरतो. कारण असं की ठोका बसतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो, डायवर हळू हळू अतिशय बारीक रेघा तयार होतात आणि त्या नाण्यावर उमटतात, डोळ्याला सुट्या दिसत नाहीत पण उजेड त्यांच्यावरून घसरतो. ही टांकसाळीची चमक. नाणं खिशात दोन महिने किल्ल्यांबरोबर फिरलं की आधी उंच भागावरच्या रेघा जातात, मग मोकळ्या जागेतल्या. आणि कोणी घासलं तर सगळीकडच्या एकदम जातात, मग नाणं चमकतं पण उजेड एकाच जागी बसून राहतो, फिरत नाही. काचेच्या तुकड्यासारखं. हे एकदा डोळ्यात बसलं की मग ग्रेडिंगचं निम्मं काम झालं.

हे शिकायला पैसे लागत नाहीत. पाचची दोन नवी पिवळी नाणी घ्या, एक तसंच ठेवा, दुसरं टूथपेस्ट लावून फडक्याने अर्धा मिनिट घासा. दोन्ही खिडकीपाशी नेऊन एकाच कोनात फिरवा. घासलेलं जास्त चमकेल, नवख्याला तेच आवडेल, पण भिंगातून बघितलं तर त्यावर केसासारख्या एका दिशेच्या ओरखड्यांचं जाळं दिसेल आणि पट्टा मेलेला असेल. मी हे प्रत्येक नव्या पोराला करायला लावतो, पाच रुपये खर्च आणि धडा आयुष्यभराचा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक धातू वेगळा म्हातारा होतो, त्यामुळे एकच माप तिन्ही नाण्यांना लावू नका.

तुमचा ज्ञानेश्वरांचा रुपया स्टीलचा आहे, ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम, म्हणून लोहचुंबकाला टपकन चिकटेल. वजन ४.८५ ग्रॅम, व्यास २५ मिलिमीटर. स्टील काळं पडत नाही, २५ वर्षं फिरलेलं नाणंसुद्धा चमच्यासारखं चकाकतं, म्हणून स्टीलच्या नाण्यात चमकेवर ग्रेड देणं म्हणजे केस काळे आहेत म्हणून माणूस तरुण समजणं. इथे उंच भाग बघायचे. दुसऱ्या बाजूला अशोकस्तंभ आहे, त्यातल्या मधल्या सिंहाचं नाक आणि आयाळ बघा. नाक सपाट होऊन तिथे गुळगुळीत टिकली पडली असेल आणि आयाळीच्या रेघा एकमेकीत मिसळल्या असतील तर ते नाणं भरपूर फिरलंय. तुमच्या फोटोत नाक थोडं सपाट दिसतंय, आयाळ बरीच शाबूत आहे, कडेवर बारीक टोले आहेत. माझ्या हिशोबाने एक्सएफ, म्हणजे थोडंच झिजलेलं, ७० च्या मापावर ४० ते ४५. हे ७० चं माप शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मधे तिथल्या तांब्याच्या सेंटसाठी काढलं होतं, आता जगभर तेच चालतं. ६० पासून वर म्हणजे यूएनसी, अजिबात न फिरलेलं. ५० ते ५८ म्हणजे एयू, जेमतेम हात लागलेलं. ४० आणि ४५ एक्सएफ. २० ते ३५ व्हीएफ, त्याच्या खाली आणखी झिजलेली एफ, व्हीजी. आपल्याकडच्या व्यवहारात लोक आकडा सांगत नाहीत, यूएनसी, एक्सएफ, व्हीएफ एवढंच बोलतात, आणि खरं सांगू का, चलनी नाण्याला तेवढं पुरतं.

एक लक्षात ठेवा, यूएनसी म्हणजे निर्दोष नव्हे. कोरी नाणी पिशवीत हजारोंनी एकमेकांवर आपटत येतात, त्यांच्यावर टोले, ओरखडे असतातच. पिशवी टेबलावर ओतली की जो खळ्ळकन आवाज होतो ना, त्या आवाजातच टोले पडतात. टोल्याने नाणं यूएनसीतून उतरत नाही, ६० ते ६३ च्या घरात राहतं एवढंच. झीज वेगळी आणि टोला वेगळा, टोल्यात धातू खड्ड्यासारखा दाबला जातो आणि आत चमक शिल्लक असते, झिजेत उंचवटा सपाट होतो आणि रंग बदलतो.

पिवळं पाचचं नाणं निकेल ब्रासचं, ६ ग्रॅम, २३ मिलिमीटर, चुंबकाला चिकटत नाही. सोन्याचा काहीच संबंध नाही, आजीला सांगा. पण या धातूचं वागणं स्टीलच्या अगदी उलट आहे. हाताचा घाम लागला की पितळी रंग मळतो, आणि आपल्याकडे एप्रिल मेमधे ४४, ४५ डिग्रीत घामाने चिंब खिशात राहिलेलं नाणं तपकिरी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून २०१३ चं पिवळं नाणं आज एवढं लखलखीत असेल तर दोनच शक्यता, एक तर कोणीतरी डबीत, गल्लीच्या भिशीच्या पेटीत किंवा देवघरात ठेवलेलं आता बाहेर आलं, नाही तर घासलेलं. तुमच्या फोटोत ५ च्या आकड्याच्या आतल्या कोपऱ्यात आणि अक्षरांच्या मुळाशी काळपट मळ दिसतोय आणि बाकी सगळं पिवळं धम्मक आहे. हीच घासल्याची खूण. फडकं वरून फिरतं, कोपऱ्यात शिरत नाही. नैसर्गिकपणे कोरं राहिलेलं असतं तर कोपरा आणि मोकळी जागा दोन्हीचा रंग सारखा असता. त्यामुळे याला मी ग्रेड देत नाही, नुसतं 'घासलेलं' लिहितो. खर्च करून टाका, काही वाईट वाटून घेऊ नका.

शिवाजी महाराजांच्या दोनवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. हे ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेलचं, ६ ग्रॅम, २६ मिलिमीटर, चुंबकाला चिकटत नाही. हा धातू वयाबरोबर राखाडी होतो, मऊ रुपेरी राखाडी, आणि तो राखाडी रंग खरं तर देखणा असतो. तुमचं नाणं आरशासारखं आहे, तोंड दिसेल एवढं. आता कोरं दोनचं नाणंसुद्धा आरसा नसतं, रेशमी असतं. मग हा आरसा आला कुठून? मी फोटो मोठा करून अक्षरं बघितली, अक्षरांच्या कडा उतरलेल्या आहेत, साबणाची वडी वापरल्यावर तिच्यावरचं नाव जसं गोल होतं तशा. हे बफिंग मशीनचं काम. आणि मग वरच्या कोनाजवळ कडेवर एक बारीक पिवळसर थेंब दिसला. तो टाका आहे भाऊ, कडी जोडायला वितळवून लावलेला धातू. हे नाणं कधीतरी लॉकेटमधे किंवा किचेनमधे बसवलेलं होतं, सराफाकडे किंवा जत्रेतल्या कारागिराकडे बफ मारून कडी लावली, पुढे कडी तुटली आणि नाणं परत चलनात आलं. महाराजांच्या नाण्याचं हे फार होतं, प्रेमापोटीच होतं, पण संग्रहाच्या दृष्टीने नाणं गेलं.

असाच टाका मी सातपुड्याकडच्या जुन्या चांदीच्या रुपयांवर खूपदा पाहिलाय. अक्कलकुवा, धडगावकडे बायका इंग्रजांच्या काळातल्या राणीछाप, राजाछाप रुपयांच्या माळा घालतात, अडचणीच्या वर्षी एखादी माळ सराफाकडे मोडीत येते. त्या रुपयांची कड बोटाने फिरवली की जिथे कडी होती तिथे नख अडतं. ११.६६ ग्रॅमचा रुपया थोडा जड भरला तर आधी कड बघायची, टाका राहिलेला असतो. म्हणून माझी सवय अशी की कुठलंही नाणं हातात आलं की आधी कड, मग तोंड. बहुतेक लोक कड बघतच नाहीत आणि सगळ्यात जास्त खोटेपणा तिथेच सापडतो.

चमकेचे आपल्याकडचे आणखी दोन प्रकार आहेत. तापीच्या पुलावरून लोक पैसे टाकतात आणि उन्हाळ्यात पाणी कमी झालं की पोरं दोरीला चुंबक बांधून ते काढतात, चुंबकाला फक्त स्टीलचीच येतात हे वेगळं सांगायला नको. ती वाळूने घासलेली असतात, चमक सगळीकडे सारखी, मंद, धुरकट काचेसारखी, आणि भिंगातून बारीक खड्डे दिसतात. दुसरी देवळाच्या दानपेटीतली, तेल आणि कुंकवाचा लाल थर असतो, आणि त्या थराखाली कधी कधी खरंच कोरं नाणं लपलेलं असतं. अशी नाणी घासू नका. मेडिकल किंवा लॅबच्या दुकानात शुद्ध ॲसिटोन मिळतं, काचेच्या वाटीत नाणं बुडवून १० मिनिटं ठेवा, न घासता दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधे बुचकळून काढा आणि कागदावर आपोआप सुकू द्या. गॅस, उदबत्ती, निरांजन जवळ नको, पेट घेतं, खिडकी उघडी ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि वास मिसळलेला असतो. चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर यातलं काहीच नाही. मी तरुणपणी आजीचा १८८५ चा राणीछाप चिंचेने घासला होता, पांढराशुभ्र झाला, घरच्यांना दाखवत फिरलो, आणि जळगावच्या एका जुन्या संग्राहकाने तो हातात घेऊन काही न बोलता परत दिला. तो रुपया अजून माझ्याकडे आहे, ३५ वर्षांत त्याचा रंग परत आला नाही.

आता फोटो. मधे काळं येतं ते नाण्याचा दोष नाही, तो तुमचा मोबाइल आहे. स्टीलचं नाणं आरसा आहे, तुम्ही मोबाइल बरोबर वरून धरता, आरशात मोबाइलचीच काळी पाठ दिसते. मोबाइल न हलवता नाण्याच्या एका कडेखाली काडेपेटीची एक काडी सरकवा, तेवढ्या तिरक्याने ती सावली बाहेर जाते. दुसरं, नाण्याच्या फार जवळ जाऊ नका. मॅक्रो मोडमधे फोन दोन बोटांवर आला की उजेड स्वतःच अडवतो. एक वीत वर या, दुप्पट झूम करा, नंतर फोटो कापून घ्या. मोबाइल टेकवायला दोन तांब्यांवर काचेची पट्टी किंवा जाड पुस्तकं चालतात, आणि ३ सेकंदाचा टायमर लावा म्हणजे बोटाच्या धक्क्याने हलत नाही. लेन्स आधी पुसा, किराणा दुकानातल्या मोबाइलच्या लेन्सवर तेलाचं बोट असतंच.

उजेडाचं म्हणाल तर उघडं ऊन नको. आपलं खान्देशचं ऊन नाण्याला जाळून टाकतं, एक बाजू पांढरी फट्ट आणि दुसरी काळी. श्रावणातला ढगाळ दिवस सगळ्यात भारी, नाही तर सकाळी ९ च्या आत ओसरीवर, जिथे उजेड आहे पण ऊन नाही. ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड मिसळला की पिवळं नाणं अर्धं हिरवट येतं. खाली लाल कापड, देव्हाऱ्याचं वस्त्र, रंगीत टेबलक्लॉथ नको, स्टील तो रंग ओढून घेतं. राखाडी पुठ्ठा घ्या, लग्नपत्रिकेच्या पाकिटाची मागची बाजूसुद्धा चालते. नाणं एखाद्या बाटलीच्या झाकणावर ठेवलं तर खालचा पुठ्ठा धूसर होतो आणि नाण्याची कड सुटी उठून दिसते. स्क्रीनवर नाण्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेड थोडा कमी करा, पांढरं फुटलेलं परत मिळत नाही. आणि मोबाइलमधलं सुंदर करणारं सगळं बंद करा, ते मशीन बारीक रेघांना डाग समजून पुसतं आणि घासलेलं नाणं कोरं दाखवतं, म्हणजे विकणारा प्रामाणिक असूनही घेणारा फसतो.

चित्र नीट दिसावं म्हणून पसरलेला उजेड लागतो, तर बटर पेपर खिडकीला लावा. पण त्याच पसरलेल्या उजेडात फिरणारा पट्टा दिसत नाही. पट्टा दाखवायला एकच छोटा दिवा, बाजूने, साधारण १० वाजता घड्याळाचा काटा असतो त्या दिशेने. म्हणून मी एका नाण्याचे किमान चार फोटो मागतो, दोन्ही बाजू सपाट उजेडात, एक एकट्या दिव्यात, आणि एक कडेचा. त्याच्यापेक्षा चांगलं म्हणजे नाणं कडेने धरून दिव्याखाली हळू फिरवत १० सेकंदाचा व्हिडिओ, त्यात पट्टा फिरतो की बसतो ते लपत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढताना नाणं पुस्तकाचं पान उलटल्यासारखं उलटा, आपल्या चलनी नाण्यांची दुसरी बाजू तेव्हा सरळ आली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी आली तर डाय फिरलेला आहे, आणि ते मात्र खरंच बाजूला काढून ठेवण्यासारखं.

किमतीचं थोडक्यात. ज्ञानेश्वरांचा रुपया एक्सएफमधे छंद म्हणून ठेवा, त्यातून पैसे होत नाहीत, कोरा मिळाला तर एखादा संग्राहक दर्शनी किमतीपेक्षा थोडे जास्त देईल. लाखोंचे आकडे सांगणाऱ्यांपासून लांब राहा. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या नाण्याला लाख मिळतात असं सांगून आधी कमिशन, आधी टॅक्स भरा म्हणणारे फोन आपल्या भागातही येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मधे स्पष्ट सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि आमच्या नावाने कोणी कमिशन मागू शकत नाही. कोणी आधी पैसे मागितले की फोन ठेवायचा. आणि गल्ल्यात १० चं नाणं आलं तर रेषा १० आहेत की १५, रुपयाचं चिन्ह आहे की नाही यावरून परत करू नका, रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मधेच १४ डिझाइन मोजून दाखवलेत आणि सगळी चालतात.

तुमच्या ज्ञानेश्वरांच्या रुपयाला सध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, मऊ वासाच्या प्लॅस्टिकच्या पाउचमधे नको, त्यातून निघणारा चिकट हिरवा थर तांब्याच्या नाण्यांना खातो आणि शेजारच्या नाण्यालाही लागतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, फक्त कडेने धरा, खाली दुमडलेला टॉवेल अंथरा. दोनच्या नाण्याचा कडेचा फोटो काडी लावून परत पाठवा, टाक्याच्या बरोबर समोरच्या कडेवर दुसरी खूण असेल तर ते लॉकेट नसून अंगठी असावी.